तंत्रज्ञान सेवांचे मानदंड (सार्वजनिक ग्रंथालये)

सार्वजनिक ग्रंथालयातील संगणक, इंटरनेट, वाय-फाय, ऑनलाइन तालिका (ग्रंथसूची), ई-संसाधने आणि ती वापरायला शिकवणारे वर्ग यांची ठरलेल्या निकषांवर तपासणी करून सुधारणा कुठे हवी हे ठरवण्याची पद्धत. तुलना तीन प्रकारे होते : प्रमाणभूत किमान पातळीशी, आपल्यासारख्या इतर ग्रंथालयांशी आणि आपल्याच मागच्या वर्षाशी. तिसरी तुलना सर्वांत कमी दिमाखाची, पण रोजच्या कामाला सर्वांत उपयोगी पडते.

काय मोजायचे आणि कसे, याचा पाया आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या दोन मानकांत आहे. ग्रंथालयीन सांख्यिकीच्या व्याख्या आयएसओ २७८९ मध्ये, तर कामगिरीचे निर्देशक आयएसओ ११६२० मध्ये दिलेले आहेत. दुसऱ्याची पहिली आवृत्ती १९९८ ची आणि चौथी २०२३ ची. केवळ तंत्रज्ञान सेवांसाठी बेतलेला सर्वांत परिचित संच अमेरिकेतील ‘एज’ हा होय. अर्बन लायब्ररीज कौन्सिलच्या पुढाकाराने आणि गेट्स प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने तयार झालेल्या या संचात सुरुवातीला ११ मानदंड होते. समाजाला मिळणारे मूल्य, समाज व निर्णयकर्ते यांच्याशी संबंध आणि संस्थेचे व्यवस्थापन अशा तीन गटांत ते विभागले होते. जोडणीच्या वेगाचे मानदंडही अमेरिकेत ठरले आहेत. तेथील संघीय दूरसंचार आयोगाने २०१४ मध्ये ५०,००० पेक्षा कमी लोकसंख्येला सेवा देणाऱ्या ग्रंथालयांसाठी किमान १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आणि त्याहून मोठ्यांसाठी १ जीबीपीएस (गिगाबिट प्रति सेकंद) हे उद्दिष्ट ठेवले.

मोजणीत सर्वाधिक गफलत होते ती सरासरीमुळे. २० संगणक, रोज ८ तास, आठवड्याला ६ दिवस म्हणजे ९६० संगणक-तास उपलब्ध. नोंदीत ५७६ तास वापर दिसला, की ‘६० टक्के वापर, म्हणजे संगणक पुरेसे’ असा निष्कर्ष निघतो. पण संध्याकाळी ४ ते ७ सगळे संगणक भरलेले असतील, तर त्या ३६० तासांत वापर १०० टक्के आहे आणि उरलेल्या ६०० तासांत जेमतेम ३६ टक्के. येथे नवे संगणक घेण्याआधी गर्दीच्या वेळी एकाने सलग संगणक वापरण्याची वेळमर्यादा कमी करणे, पाच मिनिटांच्या कामासाठी एखादा संगणक राखून ठेवणे, वर्ग सकाळी हलवणे हे उपाय तपासावेत. रांग पाहून परत गेलेला माणूस आरक्षण प्रणालीत दिसतच नाही. त्यासाठी वर्षातून दोनदा, गर्दीच्या आणि शांत काळातील एकेक आठवडा निवडून, काउंटरवर कागदावर रेघा मारून नोंद ठेवावी लागते. ही जुनी पद्धत कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा खरे सांगते.

इंटरनेटचा वेग कंत्राटातल्या आकड्यावरून नोंदवू नये. उघडताना, गर्दीत आणि बंद होण्यापूर्वी अशा तीन वेळा, निदान पाच दिवस, एकदा केबलने आणि एकदा वाय-फायवरून चाचणी घ्यावी. डाउनलोडबरोबर अपलोड आणि विलंबही (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) लिहावा, कारण व्हिडिओ मुलाखत अडखळते ती बहुधा या दोहोंमुळे. जोडणी ५०० एमबीपीएसची असूनही केबलवरचा आकडा दरवेळी ९४-९५ च्या आसपास अडकत असेल, तर सेवापुरवठादाराला फोन करण्यात अर्थ नाही. बहुधा मध्ये कुठे तरी १०० एमबीपीएसचा जुना स्विच (केबली एकत्र जोडणारे यंत्र) आहे किंवा केबलमधील आठपैकी एखादी तार तुटली आहे, आणि जोडणी खालच्या वेगावर उतरली आहे. केबलवर वेग ठीक आणि वाय-फायवर घसरत असेल, तर दोष बहुधा ॲक्सेस पॉइंटच्या (वाय-फायचा संकेत पसरवणाऱ्या यंत्रांच्या) मांडणीत असतो. २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. शेजारच्या दोन पॉइंटना एकच वाहिनी दिली की दोन्ही मंदावतात.

वाय-फाय वापरकर्त्यांची संख्या हा तर फसवा आकडा. पूर्वी प्रत्येक फोन त्याच्या कायम मॅक पत्त्यावरून (जाळ्यातील उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून) ओळखता येई. आता फोन गोपनीयतेसाठी बनावट पत्ता पुढे करतात आणि काही तो अधूनमधून बदलतातही, त्यामुळे ‘वेगवेगळी उपकरणे’ फुगून दिसतात. त्याऐवजी सत्रांची (एकेका जोडणीची) संख्या आणि एकाच वेळी जोडलेल्या उपकरणांचा उच्चांक नोंदवावा. क्षमता ठरवायला उच्चांकच लागतो. कोणी काय पाहिले याच्या नोंदी मोजणीसाठी लागत नाहीत, म्हणून त्या साठवूही नयेत.

ई-संसाधनांच्या वापराची आकडेवारी ‘काउंटर’ नावाच्या, वापर कसा मोजावा हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेनुसार मिळते, पण तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतील आकडे एकाच आलेखात जोडू नयेत. मोजण्याचे नियमच बदललेले असतात. अपंग वापरकर्त्यांच्या सुलभतेसाठी वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स ही संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे वापरतात. सामान्य मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील भेद किमान ४.५:१ हवा, आणि माउसला हात न लावता तालिकेत शोध घेऊन पुस्तक आरक्षित करता यायला हवे. दुसरी चाचणी दहा मिनिटांची आहे, तरी ती क्वचितच घेतली जाते. ‘स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) उपलब्ध’ या चौकटीत खूण करण्यापूर्वी तो उघडून पाहावा : आवाज बंद केलेला, हेडफोन गायब, आणि तो सुरू कसा करायचा हे पाळीवरच्या कोणालाच ठाऊक नाही, असे सर्रास आढळते.

मानदंडांच्या तपासणीची प्रश्नावली एकट्या ग्रंथपालाने भरली की उत्तरे उदार येतात. तांत्रिक कर्मचारी आणि काउंटरवरील कर्मचारी यांनी ती स्वतंत्रपणे भरावी, प्रत्येक ‘होय’ला पुरावा जोडावा आणि मग तिघांनी बसावे. उत्तरे जुळत नाहीत तिथेच काम दडलेले असते. तुलनेसाठी ग्रंथालये निवडताना लोकसंख्या अर्ध्यापासून दुपटीपर्यंत, उघडे राहण्याचे तास आणि शाखांची संख्या जवळपास सारखी पाहावी. क्रमवारीत आपण कितवे, हा या साऱ्यातला सर्वांत निरुपयोगी प्रश्न.

त्रुटींची यादी लांब निघते. वर्षभरात तीनच हाती घ्याव्यात. प्रत्येकीपुढे आजचा आकडा, गाठायचा आकडा, जबाबदार व्यक्ती, खर्च आणि फेरमोजणीची तारीख लिहावी. वाय-फायचे पासवर्ड, छपाईची सोय, सूचनाफलक अशा बिनखर्चिक गोष्टी आधी उरकाव्यात. संगणक बदलण्याचा खर्च एकाच वर्षावर न टाकता पाच वर्षांत दरवर्षी पाचवा हिस्सा असा विभागला, तर एका रात्रीत सगळी यंत्रे जुनी होत नाहीत. विंडोज १० या संगणक प्रणालीला मिळणारा नेहमीचा आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा असे चक्र नसलेल्या ग्रंथालयांपुढे एकगठ्ठा खरेदीचा प्रश्न आला. मोजण्याची पद्धत मध्येच बदलावी लागली, तर एक वर्ष जुनी आणि नवी दोन्ही चालवावी. नाहीतर वाढ सेवेत झाली की व्याख्येत, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.