तीन-चार-तीन की तीन-तीन-चार?

सतराव्या शतकात लेव्हेनहूक या डच संशोधकाने वीर्याचा थेंब भिंगाखाली धरला. त्यात त्याला शुक्राणू दिसले, आणि थेंब ठेवून दिल्यावर स्फटिकही. त्या स्फटिकांतल्या द्रव्याला पुढे स्पर्मीन हे नाव पडले. नाव वीर्यावरून आले खरे, पण स्पर्मीन आपल्या शरीरभरच्या पेशींत असते.

ते एक पॉलिअमाईन आहे, म्हणजे कार्बनची साखळी आणि मध्ये मध्ये नायट्रोजन. पेशीत या नायट्रोजनांवर धन प्रभार असतो आणि डीएनए-आरएनएवर ऋण, म्हणून साखळी त्यांना बिलगून बसते. स्पर्मीनमध्ये चार नायट्रोजन असतात आणि त्यांच्यामधल्या कार्बनची मोजणी तीन-चार-तीन अशी.

जपानच्या इझू द्वीपकल्पातल्या एका गरम झऱ्यातून ताइरो ओशिमा आणि इमाहोरी यांनी थर्मस थर्मोफिलस हा जिवाणू मिळवला. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तो मजेत वाढतो, ८५ पर्यंत तग धरतो. त्याच्या पेशीत ओशिमांना पॉलिअमाईनचे भांडारच सापडले. तीन-तीन-तीनचे थर्मीन, पाच नायट्रोजनचे काल्डोपेंटामीन, सहाचे काल्डोहेक्सामीन. सगळ्यांत तऱ्हेवाईक रेणूत मधोमध एक नायट्रोजन आणि त्याला फुटलेले चार हात! त्याचे पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही, तेव्हा राहू दे.

तापमान चढवले की या जिवाणूत लांब आणि फांद्या फुटलेल्या पॉलिअमाईनचे प्रमाण वाढते. उष्णतेने डीएनएचे दोन धागे सुटू पाहतात. लांब साखळ्या ते धरून ठेवतात. फांद्यावाले रेणू घड्या पडलेल्या आरएनएला सावरतात. ही पॉलिअमाईन बनवणारे जनुक काढून टाकले, तर साध्या पोषक द्रवात ७८ अंशांना जिवाणूची वाढ खुंटते. उष्णता सोसण्याचे सगळे श्रेय आपण चिवट प्रथिनांना देऊन मोकळे होतो, ते काही पुरेसे नाही.

याच जिवाणूत १९७९ साली थर्मोस्पर्मीन सापडले. स्पर्मीनमध्ये जितके अणू, तितकेच यात: १० कार्बन, २६ हायड्रोजन, ४ नायट्रोजन. फरक फक्त क्रमाचा, तीन-तीन-चार. कढत पाण्यातल्या जिवाणूंची खासियत म्हणून ते बाजूला पडले असते. पण अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या रोपाचा एक खुजा वाण प्रयोगशाळांत होता. त्याच्यात बिघडलेले जनुक एरवी स्पर्मीन बनवते, असा समज होता. २००७ मध्ये कळले की ते थर्मोस्पर्मीन बनवते. खुज्या रोपांना बाहेरून स्पर्मीन दिले तर काही होत नाही. थर्मोस्पर्मीन दिले की दांडा थोडा वर सरकतो.