इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे फिरत नाहीत

सदाशिव पेठेतल्या एका विज्ञान प्रदर्शनात यंदाही थर्माकोलचा अणू दिसला: मधे केंद्रक, भोवती तारेवर ओवलेले इलेक्ट्रॉन, अगदी सूर्यमाला. देखणं, पण चुकीचं.

रदरफोर्डने १९११मध्ये केंद्रक शोधलं आणि पंचाईत झाली. असा गरगरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणार्धात केंद्रकात कोसळायला हवा. मग आपण इथे कसे? बोरने १९१३मध्ये ठरावीक कक्षा नेमून दिल्या. हायड्रोजनला त्या लागू पडल्या, हेलियमपाशीच गाडी अडली.

श्रोडिंगरच्या १९२६च्या समीकरणात कक्षाच नाही. आहे तो इलेक्ट्रॉन कुठे सापडेल याच्या शक्यतेचा ढग. केवढा? हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजात ठेवलेली गोटी धरा. ढग चहूकडे सुमारे अर्धा किलोमीटर, लाल महाल सहज पोटात.