झोपेचं औषध बंद केलं, मग जाग का येत नाही?

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूबाहेर नातेवाइकांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "सकाळीच झोपेचं औषध बंद केलं म्हणतात, दुपार झाली तरी डोळे उघडत नाहीत. काहीतरी लपवताहेत." बहुतेक वेळा लपवण्यासारखं काही नसतं. औषध पंपातून बंद झालेलं असतं, शरीरातून नाही.

खडकवासल्याकडे बघा. धरण तसं छोटं, १.९७ टीएमसीचं. वर पानशेत १०.६५ आणि वरसगाव १२.८२. मुठेत पाणी सुटतं ते खडकवासल्यातूनच, पण वरून विसर्ग चालू असेल तर त्याची पातळी काही हलत नाही. रक्त म्हणजे खडकवासला. स्नायू आणि चरबी ही वरची धरणं. औषध तोडतं यकृत, पण त्याच्या हाती लागतं ते फक्त रक्तातलं. (उपमेत एक खोट आहे: इथे पाणी उलटं वरही चढतं. पंप चालू असताना औषध रक्तातून चरबीत मुरत जातं.)

फेंटानिल हे वेदनाशामक तासभर चालवून थांबवलं, तर वरची धरणं रिकामीच असतात. औषध तिकडेही पळतं आणि रक्तातली पातळी साधारण २० मिनिटांत निम्मी होते. तेच आठ तास चालवलं, तर निम्म्यावर यायला पाच तास लागू शकतात. औषध तेच, यकृत तेच, फरक फक्त किती वेळ चालवलं याचा. याला 'कॉन्टेक्स्ट-सेन्सिटिव्ह हाफ टाइम' म्हणतात. रेमिफेंटानिल मात्र कितीही वेळ चालवा, तीन-चार मिनिटांत निम्मं होतं, कारण त्याला तोडणारी एन्झाइम्स रक्तात आणि ऊतींतही असतात. जणू प्रत्येक धरणाला स्वतःचा दरवाजा. मिडाझोलॅमची अडचण आणखी वेगळी. यकृतात त्याचे जे पदार्थ बनतात, तेही गुंगी आणतात आणि ते बाहेर पडतात लघवीवाटे. किडनी बसलेली असेल तर ते साचतच राहतात.

म्हणून डोस अंदाजाने नाही, मोजून द्यायचा. आधी वेदना बघायची, कारण दुखतंय म्हणून तळमळणाऱ्याला नुसतं झोपवून उपयोग नाही. मग 'रॅस' ही गुंगी मोजायची पट्टी: अधिक चार म्हणजे अतिशय अस्वस्थ, उणे पाच म्हणजे कशालाच प्रतिसाद नाही. शांत आणि जागा रुग्ण शून्यावर. रुग्ण गुंगीत असेल तर सिस्टर नाव घेऊन हाक मारतात, "डोळे उघडा, माझ्याकडे बघा." दहा सेकंदांहून जास्त नजर टिकली तर उणे एक, त्याआधी सुटली तर उणे दोन, नुसतीच हालचाल झाली तर उणे तीन. हाकेला काहीच नाही, तर खांदा हलवायचा किंवा छातीचं हाड चोळायचं: हालचाल झाली तर उणे चार, नाही तर उणे पाच. बहुतेकांना शून्य ते उणे दोनमध्ये ठेवायचं असतं. स्नायू लुळे करणारं औषध चालू असेल, तर ही पट्टी निरुपयोगी.

रोज एकदा औषध थांबवून बघायचं, ही पद्धत शिकागोतल्या २००० सालच्या चाचणीने रुजवली. त्यात व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. फिट येत असतील, मेंदूवर दाब वाढला असेल किंवा हृदयाला रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर थांबवत नाहीत. थांबवल्यावर रुग्ण फार अस्वस्थ झाला, श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेला, तर पुन्हा चालू करतात, पण आधीच्या निम्म्या डोसवर. पूर्ण डोस देणं ही नेहमीची चूक. वरची धरणं अजून भरलेलीच असतात.

जाग नेमकी त्याच संध्याकाळी आली, की श्रेय उशाखालच्या अंगाऱ्याला जातं. जाऊ दे, फक्त तो सलाइनच्या नळीजवळ लावू नका. त्यापेक्षा घरून चष्मा आणि कानाचं मशीन आणून द्या. मशीन नसलेल्या आजोबांना हाक ऐकूच जात नाही, चार्टवर उणे चार लिहिलं जातं आणि संध्याकाळी मेंदूचा सीटी स्कॅन होतो.