पॅरिसचं बिल आणि फुकटचं पाणी

फ्रान्सला शिकायला-नोकरीला निघालेल्यांना हमखास येणारा फॉरवर्ड: 'तिथल्या रेस्टॉरंटात जाऊ नका, पाण्याचे पैसे वेगळे, टिप वेगळी, खिसा रिकामा.'

हा समज होतो, कारण वेटर अनेकदा 'साधं की सोड्याचं?' असं विचारतो. दोन्ही बाटल्या विकतच्या असतात. 'युन काराफ दो' म्हणा. म्हणजे 'एक सुरई पाणी'. नळाचं पिण्याचं पाणी सुरईत भरून येतं. जेवणासोबत ते आणि पाव फुकटच.

टिपचंही तसंच. 1987 पासूनच्या नियमानुसार छापील दरातच कर आणि सेवा धरलेली असते. बिलावर 'सेर्व्हिस काँप्री' दिसेल. वर एक-दोन युरो ठेवले तर खुशीचा मामला.

राहिला दर. तो दाराबाहेर लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे आत शिरण्याआधीच हिशेब करता येतो. तिथेच खडूने लिहिलेलं 'प्ला द्यु जूर', म्हणजे आजचा पदार्थ, किंवा दोन-तीन पदार्थांचं 'फॉर्म्युल' शोधा. हे बहुधा सोमवार ते शुक्रवार, दुपारीच. त्याच स्वयंपाकघरातलं रात्रीचं जेवण बरंच महाग पडतं. वाइन मात्र खरंच बिल फुगवते. आणि आयफेल टॉवरच्या सावलीतली, पाच भाषांतली फोटोवाली मेन्यूकार्डं? मी तरी दोन गल्ल्या पुढे जाईन.