कानाला दडा बसणे (पोहणे आणि बुडी)

पोहताना, बुडी मारताना किंवा नंतर कान गच्च होणे, ऐकू कमी येणे, ठणका लागणे या तक्रारींना मराठीत सरसकट ‘कानाला दडा बसणे’ म्हणतात. कोल्हापूर भागात ‘कान बसला’ किंवा ‘कानात पाणी गेलं’ असेही म्हटले जाते. यातल्या दुसऱ्या वाक्प्रचाराने बराच घोटाळा करून ठेवला आहे. पाणी जाते ते बाहेरच्या कानात. दाबामुळे होणारा त्रास पडद्याच्या पलीकडचा असतो आणि तिथे बहुतेक वेळा पाण्याचा थेंबही पोचलेला नसतो. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अपाय ठरू शकतो. म्हणून कान नेमका कधी दुखायला लागला, खाली जाताना, वर आल्याआल्या की एक-दोन दिवसांनी, याचे उत्तर मिळाले की निम्मे निदान तिथेच होते.

घाट आणि विहीर

कोल्हापूरकराला दाबाचा पहिला अनुभव पाण्याआधी बहुधा एसटीत येतो. गगनबावडा सोडून गाडी करूळ घाट उतरू लागली की तिसऱ्या-चौथ्या वळणाला कान बसतात, शेजारच्याचे बोलणे दुरून आल्यासारखे वाटते, आणि आई पोराच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवते. गोळी चघळताना आवंढा गिळला की कानात ‘टक्’ असा आवाज होऊन सगळे पुन्हा मोकळे होते.

तो ‘टक्’ यूस्टेशियन नलिका उघडल्याचा. पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली छोटी पोकळी असते. तिच्यापासून नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या भागात उतरणारी ही नळी प्रौढ माणसात साधारण साडेतीन सेंटीमीटर लांबीची असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ एउस्ताकी याच्यावरून तिला हे नाव मिळाले. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. घशाकडचे तिचे टोक मऊ आणि झडपेसारखे असल्यामुळे आतली हवा बाहेर सहज निसटते, बाहेरची आत यायला मात्र कुरकुर करते. घाट चढताना कानांचा फारसा त्रास होत नाही आणि उतरताना होतो, त्याचे कारण हेच.

आता हिशेब पाहा. पाचशे मीटरचा घाट उतरल्यावर हवेचा दाब जेवढा वाढतो, तेवढा पाण्यात जेमतेम दोन फुटांवर वाढतो. घाटाला जे काम करायला अर्धा-पाऊण तास लागतो, ते विहीर सूर मारल्यावर सेकंदाच्या आत उरकते. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बॉइलच्या नियमानुसार (१६६२) कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्म्यावर येते. पुढच्या दहा मीटरांत ते निम्म्यावरून एक तृतीयांशावर येते, म्हणजे खरा फरक पहिल्या काही मीटरांतच पडतो. ‘मी काही समुद्रात जात नाही, विहिरीतच पोहतो’ हे समाधान त्यामुळे फसवे आहे.

नळी वेळेत उघडली नाही तर पडदा आत ओढला जातो आणि कान दुखू लागतो. साधारण सव्वा मीटरच्या आसपास दाबातला फरक ९० मिलिमीटर पाऱ्याएवढा होतो. त्यानंतर नळीचे मऊ टोक दाबाखाली चिकटून बसते आणि कितीही गिळले तरी उघडत नाही. याचा अर्थ असा की पुरुषभर पाण्यात, माणूस नुसता बुडेल एवढ्या खोलीवर, कान आधी मोकळा केला नसेल तर तो तिथे खालीच मोकळा होणे अवघड असते. उपाय एकच, थोडे वर येणे.

बुडीचे प्रकार आणि कान

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरीवर पोहायला शिकणे, पाठीला पत्र्याचा डबा किंवा कमरेला रबरी ट्यूब बांधून, हा या भागातल्या कित्येक पिढ्यांचा शिरस्ता. डबा सुटला की पुढची पायरी मुटका आणि सूर. मुटका मारणारा पाय पोटाशी घेऊन पडतो, पाणी उडवतो आणि लगेच वर येतो. त्याचा कान बहुधा वाचतो. सूर मारणारा डोक्याकडून वेगाने खाली जातो. डोके खाली असताना नळीभोवतालच्या शिरांत रक्त साठते, ती आणखी आवळते. सगळ्यांत वाईट अवस्था तळाची माती मुठीत आणून दाखवण्याची पैज लावणाऱ्याची. कान दुखत असताना तो आणखी एक हात मारतो, कारण वर काठावर पोरे बसलेली असतात.

तिथे एक चमत्कारिक गोष्ट घडू शकते. पडदा फाटला की ठणका एकदम थांबतो. मात्र थंड पाणी मध्यकर्णात शिरते, एका बाजूच्या तोलाच्या इंद्रियाला गारवा लागतो आणि भोवताल गरगर फिरू लागतो. वर कुठे, खाली कुठे हे पाण्यात कळेनासे होते. पाण्याला कानाइतकी ऊब येईपर्यंत ही भोवळ टिकते. चांगला पोहणारा अचानक बुडतो त्यामागे कधी कधी हेही कारण असते. काठावरून कानशिलावर आडवे आपटल्यानेही पडदा फाटतो. त्याला खोली लागत नाही.

पडदा न फाटताही मध्यकर्णात रक्तद्रव झिरपतो, आणि मग वर आल्यावरही कान भरल्यासारखा राहतो. विहिरीतून बाहेर आलेला पोरगा एका पायावर उभा राहून, डोके तिरके करून उड्या मारतो, उन्हात तापलेला दगड कानाला लावतो. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतच्या बाहेरच्या नळीत पाणी असेल तर ही युक्ती खरोखर चालते. द्रव पडद्यामागे असेल तर दिवसभर उड्या मारूनही काही निघत नाही.

कान मोकळा करण्याच्या पद्धती

सर्वांत प्रसिद्ध पद्धत आंतोनियो मारिया व्हाल्साल्वा (१६६६–१७२३) या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते: नाक चिमटीत धरायचे, तोंड मिटायचे आणि नाकातून श्वास सोडल्यासारखा हलका दाब द्यायचा. १७०४ साली त्याने ती वर्णन केली तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाणबुडे नव्हते. मध्यकर्णातला पू बाहेर काढण्यासाठी त्याने ती सुचवली होती. यात ‘हलका’ हा शब्द महत्त्वाचा. गाल फुगवून, चेहरा लाल होईपर्यंत जोर लावणाऱ्याच्या आंतरकर्णाच्या (ऐकण्याच्या आणि तोलाच्या इंद्रियाच्या) तोंडावरची ‘खिडकी’ म्हणतात ती नाजूक पापुद्र्याची जागा फाटू शकते, आणि तिथली इजा पडद्याच्या इजेपेक्षा फार गंभीर असते.

जोसेफ टॉयन्बी या इंग्रज कर्णवैद्याच्या पद्धतीत नाक धरून नुसता आवंढा गिळतात. हेर्मान फ्रेन्त्सेल या जर्मन वैद्याची पद्धत (१९३८) मुळात वैमानिकांसाठी होती: नाक व कंठ बंद ठेवून जिभेचा मागचा भाग वर ढकलायचा, ‘क’ उच्चारताना होतो तसा. छातीतली हवा वापरावी लागत नाही म्हणून डोके खाली करून बुडणाऱ्यांना ती सोयीची. शिकायला वेळ लागतो, पण एकदा जमली की बहुतेक जण व्हाल्साल्वाकडे परत जात नाहीत.

पद्धतीपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची. काठावरच एकदा कान मोकळा करायचा, मग दर दोन-तीन फुटांना, दुखण्याची वाट न पाहता. शक्य असेल तर पाय खाली ठेवून उतरायचे. सर्दी असेल त्या दिवशी काठावर बसायचे. नाकात थेंब टाकून बुडी मारणारे लोक असतात. थेंबांचा अंमल पाण्यातच ओसरला तर वर येताना मध्यकर्णातली फुगलेली हवा अडकते आणि दुखणे उलट्या बाजूने सुरू होते. लहान मुलांची नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यांना सर्दी वरचेवर होते, म्हणून त्यांच्याबाबतीत जास्त जपावे लागते.

कानात बोळे घालून बुडी मारणे हा गैरसमजातून आलेला उपाय आहे. घट्ट बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा कोंडते, तिच्यावर ताबा ठेवायला कोणतीही नळी नसते, आणि पडदा बाहेरच्या बाजूला ओढला जातो. मळाचा घट्ट गोळा असेल तरी हेच होते.

घाटाखालून येणारे रुग्ण

मालवण आणि तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग सुरू झाल्यापासून कोल्हापुरातून शनिवार-रविवारी तिकडे जाणाऱ्यांची रीघ असते. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे प्रशिक्षण केंद्रही आहे. हौशी पर्यटकाला पाण्यात उतरण्यापूर्वी हातांच्या खुणा शिकवतात. त्यातली सपाट पंजा डुगडुगवून कानाकडे बोट दाखवायची खूण सगळ्यात कामाची, आणि फोटोच्या नादात सगळ्यात आधी विसरली जाणारी. ती खूण केली की प्रशिक्षक मीटरभर वर आणतो. पैसे भरलेत म्हणून दुखणे दाबून धरणारे परतीच्या गाडीत कान धरून बसतात.

बाहेरच्या कानाचे दुखणे

पोहून एक-दोन दिवसांनी सुरू होणारा ठणका ही अगदी वेगळी गोष्ट. बाहेरची नळी सुमारे अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्यातला मळ किंचित आम्ल आणि तेलकट असल्याने तो जंतूंना रोखतो. मळ म्हणजे घाण हा समज चुकीचा. वारंवार भिजून कातडी मऊ पडली आणि त्यात काडेपेटीची काडी, केसांचा आकडा किंवा मोटरसायकलची किल्ली फिरली की ओरखड्यातून जंतू शिरतात. यात स्यूडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस हे जंतू नेहमीचे. ओळख सोपी आहे: कानाची पाळी ओढली किंवा कानापुढचा कुर्च्येचा उंचवटा दाबला की कळ मारते. मध्यकर्णाच्या दुखण्यात सहसा असे होत नाही.

पंचगंगा घाट, रंकाळा आणि कळंबा तलाव ही शहराच्या पोहणाऱ्यांची जुनी ठिकाणे. पाण्याची प्रत मात्र सगळीकडे आणि वर्षभर सारखी नसते. शहरातून वाहत आलेला जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो. क्लोरिन टाकलेला तलावही कानाला पूर्ण सुरक्षित नाही. कोल्हापूरचे जलतरणपटू वीरधवल खाडे यांनी २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळवल्यानंतर कोल्हापूरचे नाव जलतरणात देशभर झाले. स्पर्धेसाठी रोज तासन्‌तास सराव करणारी मुले खोल जात नाहीत, पण त्यांचा कान कोरडा होण्याआधी पुन्हा भिजतो. त्यांची तक्रार बहुधा याच प्रकारातली.

पावसाळ्याच्या दमट हवेत बुरशी लागते. तेव्हा ठणक्यापेक्षा खाज जास्त असते, आणि आत भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पांढुरका, काळे ठिपके असलेला थर दिसतो. लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडण्याचा घरगुती उपाय इथे विशेष घातक. बुरशीला ओल हवीच असते, आणि पडदा फाटलेला असेल तर तेल थेट मध्यकर्णात जाते.

तालमीतल्या पैलवानांचे चुरगळलेले कान हा याच्याशी संबंध नसलेला विषय आहे, तरी गल्लत होते म्हणून सांगायचे. तिथे घर्षणाने पाळीच्या कुर्च्येवर रक्त साकळते. पडद्याला धक्का लागत नाही, पण फार आकसलेल्या कानात बाहेरच्या नळीचे तोंड अरुंद होऊन पाणी अडकू शकते.

उपचार

बाहेरच्या कानाच्या दुखण्यात डॉक्टर नळी साफ करून थेंब देतात. सूज जास्त असल्यास औषधात भिजवलेली वात ठेवतात, आणि आठ-दहा दिवस पोहणे बंद करतात. पोटात घ्यायच्या गोळ्या दरवेळी लागतात असे नाही. मधुमेही वृद्धाचा ठणका रात्री वाढत असेल तर उशीर चालत नाही, संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो. दुकानातून आणलेले कोणतेही थेंब पडदा तपासल्याशिवाय घालू नयेत. जेंटामायसिनसारखी काही औषधे मध्यकर्णात गेल्यास आंतरकर्णाला अपाय करू शकतात.

दाबाने दुखावलेला कान बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप सुधारतो. लहानसे छिद्र साधारण दोन-तीन महिन्यांत भरते; तोवर अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा पुरतो, आणि नाक जोरात शिंकरणे टाळायचे. बुडीनंतर ऐकू येणे एकदम कमी झाले, कानात सतत गुं-गुं आवाज येऊ लागला किंवा भोवळ थांबेना, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे लागते. पुन्हा पाण्यात उतरण्याची परवानगी देण्यापूर्वी ते दुर्बिणीतून पडदा पाहत असताना रुग्णाला नाक धरून आवंढा गिळायला सांगतात. पडदा हलला तर नळी उघडते आहे.