हेक्स एडिटर

(षोडशमान संपादक). फाइल, डिस्कचा एखादा भाग किंवा संगणकाची स्मृती मूळ बाइटांच्या रूपात दाखवणारे आणि ते बाइट एकेक करून बदलू देणारे सॉफ्टवेअर. चित्र, गाणे, पत्र, प्रोग्रॅम असा भेद ते करत नाही. सारे काही ०० ते एफएफ या २५६ किमतींत दिसते. (ए ते एफ ही या पद्धतीतील रोमन चिन्हे येथे देवनागरीत लिहिली आहेत.)

षोडशमान पद्धतीचा पाया १६. चार बिटांना (बिट म्हणजे ० किंवा १ हा द्विमान अंक) एक अंक पुरतो, म्हणून ८ बिटांचा बाइट नेमक्या दोन अंकांत बसतो. हा मेळ आज स्वाभाविक वाटतो, पण ८ बिटांचा बाइट रूढ होण्याआधीच्या अनेक यंत्रांत शब्दाची (यंत्र एका वेळी हाताळते त्या बिटांच्या गटाची) लांबी १२, १८ किंवा ३६ बिट असे आणि तेथे तीन-तीन बिटांचे गट पाडणारी अष्टमान पद्धतीच सोयीची होती. युनिक्स या संगणक प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या मार्गदर्शिकेतील ‘ओडी’ या आज्ञेच्या नावातला ‘ओ’ ऑक्टलचाच (अष्टमानाचाच) आहे.

१० ते १५ या किमतींसाठी कोणती चिन्हे घ्यावीत, याबाबत सुरुवातीला एकवाक्यता नव्हती. इलिनॉय विद्यापीठाच्या इलियाक-१ या संगणकावर (१९५२) के, एस, एन, जे, एफ, एल ही अक्षरे वापरत. बेंडिक्स जी-१५ वर (१९५६) यू ते झेड. ए ते एफ रूढ झाली ती आयबीएम कंपनीच्या सिस्टिम/३६० या संगणकमालेमुळे (१९६४), असे सामान्यतः मानतात. नावाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. ‘हेक्साडेसिमल’मधील ‘हेक्सा’ ग्रीक, तर ‘डेसिमल’ लॅटिन. लॅटिन वळणाचा ‘सेक्साडेसिमल’ हा शब्द १९५० च्या दशकात वापरात होता. तो असभ्य वाटल्याने आयबीएमने बदलला, अशी कथा सर्रास सांगितली जाते. मात्र ‘हेक्साडेसिमल’ हा शब्द त्याच दशकाच्या पूर्वार्धात छापील आढळत असल्याने तो सिस्टिम/३६० साठी घडवला गेला, हे मत टिकण्यासारखे नाही. प्रचलित दोन शब्दांपैकी एक कंपनीने उचलला, इतपत म्हणणे अधिक सुरक्षित. संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड नूथ यांच्या मते व्युत्पत्तीने शुद्ध रूप ‘सेनिडेनरी’ ठरते. ते व्यवहारात आले नाही. १६ चा पाया स्वतः संगणकाहून जुना आहे. अभियंते जॉन नायस्ट्रॉम यांनी १८६२ मध्ये ‘टोनल’ नावाची १६ पायाची अंक व मापन पद्धती सुचवली होती. १९५७ पर्यंत सोळा आण्यांचा रुपया मोजलेल्यांनाही तो परका वाटण्याचे कारण नाही.

एडिटरचा पूर्वज म्हणजे स्मृतीचा कागदावर छापलेला उतारा, ‘डंप’. पडद्यावर पाहून तेथेच बदल करण्याची सोय पुढे आली. पण पहिला एडिटर कोणता, हे त्याची व्याख्या काय करावी यावर ठरते. टिम पॅटरसन यांच्या ‘डीबग’ या प्रोग्रॅममध्ये (सु. १९८०) आज्ञा देऊन बाइट पाहता व बदलता येत. सध्याच्या एडिटरांपैकी एचएक्सडी, विनहेक्स व इमहेक्स परिचित आहेत.

पडद्यावर तीन पट्टे असतात : डावीकडे पत्ता (ऑफसेट), मध्ये बाइट, उजवीकडे त्यांचीच अक्षरे. न छापता येणाऱ्या बाइटाच्या जागी टिंब येते. बहुधा ओळीत १६ बाइट असतात. त्यामुळे पत्त्याचा शेवटचा अंक हाच स्तंभ. डिस्कच्या पहिल्या सेक्टरात (ठरावीक आकाराच्या पहिल्या तुकड्यात) १एफई या पत्त्यावर जायचे, तर १एफ० च्या ओळीत ई चा स्तंभ पाहावा. जुन्या पद्धतीच्या बूट सेक्टरात (संगणक सुरू होताना वाचला जाणाऱ्या सेक्टरात) तेथे ५५ एए ही खूण सापडते. लांब फाइलीत सरकपट्टीवर अवलंबून राहू नये. पत्ता देऊन उडी मारणे आणि बाइटांची क्रमवारी शोधणे, हीच खरी वाट.

उदाहरणादाखल एका जीआयएफ चित्राची सुरुवात : ४७ ४९ ४६ ३८ ३९ ६१ ४० ०१ ९६ ००. पहिल्या सहा बाइटांसमोर उजवीकडे ‘जीआयएफ८९ए’ ही रोमन अक्षरे उमटतात. पुढचे ४० ०१ तेथे ‘@’ आणि टिंब असे निरर्थक दिसतात, पण ती चित्राची रुंदी आहे. लहान वजनाचा बाइट आधी असल्याने ०१४० असे वाचायचे, म्हणजे ३२०. त्याच रीतीने ९६ ०० म्हणजे उंची १५०. या क्रमाला ‘लिटल एंडियन’ व उलट क्रमाला ‘बिग एंडियन’ म्हणतात. संगणनात ही नावे संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांच्या १९८० मधील टिपणामुळे रुळली.

बदल करताना बाइटावर बाइट लिहिणे आणि नवा बाइट मध्ये घुसवणे यांत मोठा फरक आहे. एक बाइट घुसवला की पुढचे सगळे पत्ते एकाने सरकतात आणि ठरावीक पत्त्यांवर विसंबणारी फाइल बहुधा निकामी होते. म्हणून अनेक एडिटर मूळ प्रघाताने वरून लिहिण्याच्या अवस्थेतच उघडतात. प्रत काढूनच हात लावावा.

मराठी मजकूर यूटीएफ-८ मध्ये (जगातील लिप्यांसाठीच्या युनिकोड या मानकाची चिन्हे बाइटांत लिहिण्याची एक रीत) असेल तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात : ‘म’ म्हणजे ई० ए४ एई. ‘मराठी’ हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणून १५ बाइटांचा. इस्की (१९९१) या भारतीय मानकात तोच पाच बाइटांत मावतो. उजव्या पट्ट्यात मात्र दोन्हींचे बहुधा टिंबच दिसते. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेल्या फाइलींची गोष्ट वेगळी. त्यांत देवनागरीचे अवयव रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि ही मांडणी फॉन्टागणिक बदले. तो मजकूर सोडवायला त्या फॉन्टचा तक्ता लागतो.