१४२८५७ (संख्या)

१४२८५७ (एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न) ही विषम संयुक्त संख्या असून १ ला ७ ने भागल्यावर दशांशचिन्हानंतर जे सहा अंक पुन्हा पुन्हा येत राहतात, त्यांची ती बनलेली आहे. शाळेत पायची किंमत म्हणून घेतलेल्या २२/७ चा भागाकार नेटाने पुढे नेला, तर ३ च्या मागोमाग हीच संख्या येते.

तिला २ ते ६ यांनी गुणल्यास अनुक्रमे २८५७१४, ४२८५७१, ५७१४२८, ७१४२८५ आणि ८५७१४२ मिळतात. अंक तेच, क्रमही तोच, बदलते ती फक्त सुरुवात. म्हणून तिला चक्रीय संख्या म्हणतात. हा चमत्कार वाटला तरी कारण साधे आहे : १ ला ७ ने भागताना १, ३, २, ६, ४, ५ या क्रमाने ७ हून लहान असलेली प्रत्येक शून्येतर बाकी येते, त्यामुळे ३/७ काढणे म्हणजे त्याच चक्रात एक पायरी पुढून शिरणे होय. सातपट मात्र ९९९९९९ येते. दशमान पद्धतीत शून्याने सुरू न होणारी, एकाहून अधिक अंकांची चक्रीय संख्या हीच एक.

तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७ असून विभाजक ३२ आहेत. स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज १,१२,५०३, म्हणजे संख्येहून कमी भरते. म्हणून ती न्यून संख्या ठरते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि तेथे १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलेले गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी पुढे देवळालीला शिक्षकी करताना संख्यांचे जे प्रकार मांडले, त्यांपैकी तीन या एकाच संख्येला लागू पडतात. अंकांची बेरीज २७ असून तिने संख्येला निःशेष भाग जातो (भागाकार ५२९१), म्हणून ती हर्षद संख्या आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९ असून त्याचे २०४०८ आणि १२२४४९ हे दोन तुकडे मिळवले की मूळ संख्या परत येते, म्हणून ती कापरेकर संख्याही आहे. याचे मूळ असे, की १४२८५६ ला ७ ने भागल्यास बरोबर २०४०८ येतात. त्यामुळे संख्येच्या वर्गातून ती संख्या वजा केली असता ९९९९९९ ची २०४०८ पट उरते.

तिसरा प्रकार स्वयंभू (देवळाली) संख्यांचा. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. येथे पडताळा हातानेही घेता येतो. ९ ची भाज्यता पाहिल्यास मिळवायची अंकांची बेरीज ९ च्या पटीतच असावी लागते आणि सहा अंकांत ती ५४ पलीकडे जात नाही. म्हणून १४२८५७ मधून ९ च्या या पटी वजा करून १४२८४८, १४२८३९, १४२८३०, १४२८२१, १४२८१२ आणि १४२८०३ एवढेच उमेदवार उरतात. त्यांच्या अंकांची बेरीज ९, १८, २७, ३६, ४५, ५४ अशी हवी, ती येते २७, २७, १८, १८, १८, १८. एकही जुळत नाही.